केळीच्या बागेवर ड्रोन, तापीच्या पात्रावर विमान: खानदेशात वरून फोटो काढायला काय घ्यावं

जळगाव, धुळ्याजवळचं गोंदूर आणि शिरपूरजवळचं तांडे. या तिन्ही धावपट्ट्यांवर वैमानिक घडवण्याचं काम चालतं. डोक्यावरून दिवसभर लहान विमानं घिरट्या घालताना दिसतात, म्हणून प्रश्न हमखास येतो: ड्रोनच्या भानगडीत पडण्यापेक्षा यातल्याच एखाद्या विमानात कॅमेरा घेऊन बसलं तर? उत्तर असं की शिकाऊ विमान भाड्याची गाडी नाही. प्रशिक्षण संस्थेची मान्यता शिकवण्यासाठी असते. पैसे घेऊन चित्रीकरणासाठी उड्डाण करणं हा वेगळा धंदा आहे, त्याला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, वेगळी मान्यता लागते आणि विमानातून छायाचित्रणाची परवानगी आणखी निराळी. कागदांना लागणारा वेळ धरूनच विमानाचा विचार करा. पण विमान बादही करू नका, काही कामं त्याच्याशिवाय होत नाहीत.

आमचा कौल आधीच सांगतो. लग्न, बंगला, शेततळं, चाळीस एकरांपर्यंतची बाग, गावची जत्रा यांना चार पंख्यांचा साधा ड्रोन. शे-दोनशे हेक्टरांच्या पुढचा नकाशा असेल तर पंखांचा ड्रोन, म्हणजे फिक्स्ड विंग. आणि हतनूरपासून प्रकाशापर्यंत तापीचं पात्र, सातपुड्याची रांग किंवा धुळे-जळगाव महामार्ग एका दिवसात, एकाच उजेडात हवा असेल तर माणूस बसलेलं विमान. चित्र कशाने चांगलं येतं हा प्रश्न इथे दुय्यम आहे. किती लांब पसरलंय आणि किती वेळात हवंय, यावर यंत्र ठरतं.

ड्रोन विकत घेणाऱ्याने आधी तारखा बघाव्यात. परदेशी ड्रोन आयात करायला भारतात ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचा अपवाद सोडला तर पूर्ण ड्रोन बाहेरून आणता येत नाही, सुटे भाग येतात. डीजेआय या चिनी कंपनीचे मिनी ४ प्रो आणि एअर ३ हे दोन्ही २०२३ मध्ये बाजारात आले, म्हणजे बंदीनंतर. लग्नाच्या सीझनला गल्लोगल्ली दिसणारा मिनी ४ प्रो कुठल्या वाटेने आला, हे दुकानदाराला विचारा आणि जीएसटीचं बिल मागा. बिल मिळत नसेल तर यंत्र कितीही देखणं असो, धंद्यासाठी घेऊ नका. अपघात झाला, पोलिसांनी अडवलं किंवा विम्याचा दावा करायची वेळ आली की पहिला कागद तोच मागतात. म्हणून इथे आम्ही बंदीच्या आधीची, अजून कामात असलेली डीजेआयचीच तीन यंत्रं पारखली आहेत: मिनी २, एअर २एस आणि फँटम ४ प्रो. नवीनच घ्यायचा असेल तर भारतीय बनावटीचा, टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता) असलेला घ्या. त्यात सर्वेक्षणाची यंत्रं चांगली मिळतात. लग्नाच्या फिल्मसाठी तितक्या तोडीचा कॅमेरा मात्र अजून शोधावा लागतो.

मिनी २ चं वजन २४९ ग्रॅम. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो धरला जातो आणि त्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोन उडवण्याचा परवाना, लागत नाही. फायदा एवढाच. पंख्यांभोवती जाळीचे गार्ड लावले की वजन २५० च्या पुढे जातं आणि तो मायक्रो वर्गात सरकतो. मायक्रो ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर सर्टिफिकेट हवंच. त्याला दहावी पास, वय किमान १८ आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण; एकदा मिळालं की १० वर्षं चालतं. मिनी २ चा सेन्सर लहान आहे, १२ मेगापिक्सेल. दिवसाउजेडी इन्स्टाग्रामपुरतं छान दिसतं. हळदीच्या रात्री दिव्यांच्या माळांत आकाश दाणेदार होतं आणि नवरीची पिवळी साडी मातकट दिसते. वाऱ्यात हा लटपटतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी तो वर चढवणं म्हणजे पतंगाला बॅटरी लावण्यासारखं.

एअर २एस ५९५ ग्रॅमचा. एक इंचाचा सेन्सर, २० मेगापिक्सेल, कागदावर ३१ मिनिटं, प्रत्यक्षात परतीची बॅटरी राखून २०-२२ धरा. लग्न, हॉटेल, कॉलेज, बांधकामाची प्रगती यांसाठी तिघांत हाच. याच्या लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र एफ २.८ वर कायमचं आहे, ते लहान-मोठं होत नाही. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० वर शटर ३००० च्या, म्हणजे सेकंदाच्या तीन हजाराव्या भागाच्या, पुढे पळतं आणि व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनी सरकल्यासारखा दिसतो. २५ फ्रेमला शटर पन्नासाच्या आसपास हवं, त्यासाठी एनडी ६४ चा फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा. सकाळी आठपर्यंत एनडी १६ पुरतो. फिल्टर बॅटरी चालू करण्याआधी चढवा. नंतर चढवला की गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा सांधा) धक्क्याने एरर देतं आणि सगळं बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं.

नकाशासाठी मात्र एअर २एस नको, कारण त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. फोटो ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात ड्रोन पुढे सरकलेला असतो. त्यामुळे सरळ बांध किंचित तिरका येतो आणि फोटो जोडताना सॉफ्टवेअर गोंधळतं. फँटम ४ प्रो जुना, १३८८ ग्रॅमचा, आता बॅटऱ्याही थकलेल्या मिळतात, पण त्यात यांत्रिक शटर आहे. म्हणून सर्वेक्षणवाले अजून त्याला सोडत नाहीत.

आता केळी. रावेर, यावल, चोपड्याकडची बाग मोजणं हे खानदेशातलं सगळ्यात फसवं काम आहे. १०० मीटरवरून फँटमचा एक पिक्सेल जमिनीवर साधारण २.७ सेंटिमीटरचा आणि एका फोटोत १५० बाय १०० मीटर मावतं. चाळीस एकर म्हणजे ढोबळ ४०० बाय ४०० मीटर. पुढे-मागे ८० टक्के आणि बाजूने ७० टक्के एकावर एक फोटो घेतले तर ४५ मीटर अंतराच्या १० फेऱ्या, दोनशेच्या वर फोटो, एक बॅटरी. कपाशीला, सोयाबीनला, मोकळ्या वावराला एवढं पुरतं. केळीला पुरत नाही. केळीचं पान वाऱ्याने हलतं, फाटलेलं पान तर सतत फडफडतं. दोन फोटोंत तेच पान दोन ठिकाणी दिसलं की सॉफ्टवेअरला जुळणीचे बिंदू सापडत नाहीत. मग तयार नकाशात मधेच भोकं पडतात किंवा ओळी वितळल्यासारख्या दिसतात. म्हणून केळीला ८५ आणि ८० टक्के ठेवा. फेऱ्या १५ होतात, फोटो चारशेच्या घरात, सेकंदाला ७ मीटर वेगाने वळणं धरून १७-१८ मिनिटं. एका बॅटरीत जेमतेम बसतं. बॅटरी जुनी असेल तर बाग दोन भागांत करा आणि दोन्ही भागांत दोन फेऱ्या सामाईक ठेवा. शटर ८०० च्या खाली नेऊ नका. आणि वेळ: सूर्य थोडा वर आला की सुरुवात, साडेआठच्या आत खाली. त्यानंतर वारा उठतो.

दुसरी चूक त्याहून महाग पडते. ठिबकचं डिझाइन करायला जमिनीचे चढ-उतार हवेत म्हणून भरल्या बागेवर ड्रोन उडवतात. दाट बागेत जमीन दिसतच नाही, मिळतात ते पानांचे चढ-उतार. केळीची लागवड कुठल्याही हंगामाची असो, मृगबाग की कांदेबाग, उंच-सखलाचा नकाशा लागवडीच्या आधी, नांगरट होऊन वावर मोकळं असताना घ्या. वादळाने झाडं आडवी झाली तर ४० मीटरवरून घेतलेले फोटो झाड मोजण्याइतके स्पष्ट येतात. पंचनाम्याला त्यांची जोड द्या, पंचनाम्याऐवजी ते चालणार नाहीत. बांधाच्या भांडणालाही तेच लागू. साध्या जीपीएसवरचा नकाशा दोन-तीन मीटर सरकलेला असू शकतो. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, अशा खुणा टाकून त्यांचे अचूक अक्षांश-रेखांश घेतले तर चूक सेंटिमीटरांवर येते. दोन फुटी काळ्या-पांढऱ्या फ्लेक्सचे तुकडे चालतात, नसतील तर चुन्याची ठळक फुली. पण तो नकाशा घेऊन शेजाऱ्याशी वाद घालायला जाऊ नका, हद्द भूमी अभिलेखच्या मोजणीनेच ठरते.

आता उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो आणि या तिन्ही ड्रोनच्या माहितीपत्रकात कमाल तापमान ४० अंश लिहिलेलं आहे. पारा सावलीतला असतो. काळ्या मातीवर उन्हात ठेवलेला ड्रोन उडायच्या आधीच त्या ४० च्या पुढे गेलेला असतो. आधी फोन किंवा रिमोटचा पडदा अंधारतो, मग ॲप अडकतं, शेवटी बॅटरी गरम झाल्याचा इशारा येतो. तापलेली हवा विरळ असल्याने मोटारींना त्याच वजनासाठी जास्त फिरावं लागतं, म्हणून कागदावरच्या मिनिटांतून आणखी वजा करा. बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर नाही, थर्माकोलच्या डब्यात. शेजारी फडक्यात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली ठेवा, बर्फ नको, कारण दमट झालेली बॅटरी तितकीच वाईट. उतरलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावली तरी चार्जर ती निवल्याशिवाय घेत नाही, तेव्हा दिवसाला लागतील तितक्या बॅटऱ्या जवळ हव्यात. फुगलेली बॅटरी 'अजून एक उड्डाण' म्हणून लावू नका.

एप्रिल-मेमध्ये अकरानंतर वावटळी उठतात. धुळीचा खांब दिसला तर निदान ओळखता येतं. ओल्या किंवा गवताळ जमिनीवरची वावटळ दिसतही नाही, ड्रोन एकदम कलंडतो. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि उतरताना पंख्यांच्या वाऱ्याने थेट गिंबलच्या सांध्यात शिरते. दीड मीटरची ताडपत्री अंथरा, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवा, आणि उतरताना शेवटचा मीटर रेंगाळत घालवू नका. घारी अंगावर आल्या तर बाजूला पळू नका, सरळ वर चढा. उभ्या चढाईत घार मागे पडते.

वरातीचं थोडक्यात. डीजेच्या ट्रकजवळून किंवा लोखंडी जाळी टाकलेल्या स्लॅबवरून ड्रोन उठवला की होकायंत्र बिघडतं आणि तो वर गेल्यावर आपल्याच मनाने गोल फिरायला लागतो. मोकळ्या जागेतून उठवा. रॉकेट-फटाके सुरू असताना खालीच ठेवा. माणसांच्या डोक्यावरून नेऊ नका, बाजूने तिरका कोन घेतला तर गर्दी उलट जास्तच भरलेली दिसते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तर ड्रोनच्या आवाजाने घोडे बिथरतात. उंची आणि अंतर दोन्ही राखा.

पंखांच्या ड्रोनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. तो तरंगत नाही, पुढे जात राहतो, म्हणून कमी बॅटरीत जास्त क्षेत्र उरकतो. साक्रीकडचे सौर प्रकल्प, लांब कालवे, मोठी लाभक्षेत्रं यांना योग्य. पोटावर घसरत उतरणाऱ्या जातीला मोकळी पट्टी लागते आणि केळी-कपाशीच्या पट्ट्यात ती मिळत नाही. आयडियाफोर्जच्या स्विचसारखा सरळ वर उठून मग पंखांवर जाणारा प्रकार इथे बरा. व्हिडिओसाठी मात्र याचा उपयोग शून्य.

आणि खरं विमान. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा असतो. लहान ड्रोन पाच-सातशे मीटरनंतर ठिपकाही राहत नाही. धुळे-जळगाव सुमारे ९० किलोमीटर. एका जागेवरून मागे-पुढे मिळून एक किलोमीटर उरकला तरी नव्वद ठिकाणी गाडी थांबवावी लागेल आणि पहिल्या-शेवटच्या फोटोत दोन वेगळ्या दिवसांचा उजेड असेल. विमान तेच अंतर अर्ध्या-पाऊण तासात एका सलग पट्ट्यात टिपतं. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे आणि खालचं पसरलेलं पाणी एकाच चौकटीत हवं असेल तर १२० मीटरची ड्रोनची उंचीही अपुरी पडते.

सेसना १७२ चांगलं, कारण पंख वर असतात आणि खाली मोकळं दिसतं. ठरवण्याआधी एकच गोष्ट विचारा: उजवीकडची खिडकी उघडते का? काही विमानांत फक्त वैमानिकाच्या बाजूची उघडते आणि मागच्या काचा उघडतच नाहीत. बंद काचेतून प्रतिबिंबं येतात आणि पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावलात तर काचेवर इंद्रधनुषी पट्टे उमटतात. उघडणाऱ्या खिडकीला मधेच अडवणारा एक छोटा स्क्रू असतो. तो काढला की खिडकी वाऱ्याने पंखाखाली उचलून धरली जाते आणि कॅमेऱ्याला पूर्ण वाट मिळते. हा स्क्रू विमानाच्या परवानाधारक इंजिनिअरनेच काढायचा आणि नोंद करायची. स्वतः पेचकस घेऊन जाऊ नका.

वेग ६५ ते ७५ नॉट (ताशी सुमारे १२० ते १४० किलोमीटर), फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) १० अंश. शटर १००० ते २०००, एफ ५.६, आयएसओ आपोआप पण ८०० ची मर्यादा घालून. लेन्सहूड काढून ठेवा, बाहेरचा वारा तो उपटून नेतो. झूमची कडी आणि फोकस चिकटपट्टीने बांधा. कोपर दाराला टेकवू नका, इंजिनची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात आणि दुसरी दोरी मनगटाला. खिशात सुटं काही नको, लेन्स बदलणंही नको. पंखाचा तिरका टेकू चौकटीत येतो, तेव्हा वैमानिकाला विमान किंचित कलतं ठेवायला सांगा. पण 'अजून वळवा, अजून वळवा' करू नका. ६५ नॉटला ३० अंश कलवलं तर घेरीची त्रिज्या २०० मीटर. ४५ अंश केलं तर विमान गळण्याचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान तोलू शकत नाहीत तो, १९ टक्क्यांनी वाढतो आणि कमी उंचीवर सावरायला जागा नसते. वस्तीवर ३०० मीटर, इतरत्र १५० मीटर ही खालची मर्यादा. वैमानिक नाही म्हणाला तर नाहीच. व्हिडिओ मात्र हातात धरून जमत नाही. त्याला जायरोचा मोठा गिंबल लागतो आणि तो खर्च सिनेमावाल्यांचा.

सातपुड्यातल्या तोरणमाळला ड्रोन अडखळतो. ड्रोन उंची मोजतो ती उड्डाणाच्या जागेपासून. सीताखाईच्या कड्यावरून उठवून दरीवर नेला की पडद्यावर ५० मीटर, प्रत्यक्षात खाली कितीतरी खोल, म्हणजे १२० मीटरचा नियम नकळत मोडलेला. उलट दरीतून उठवला आणि परतीची उंची कमी ठेवली तर सिग्नल तुटल्यावर तो कड्याचा खडक गाठतो. परतीची उंची भोवतालच्या सर्वांत उंच टोकाच्या वर ठेवा, आणि तशी ठेवल्यावर १२० मीटर ओलांडत असेल तर उठवायची जागाच बदला.

परवानगीचं बोलायचं तर नॅनोलासुद्धा हवाई नकाशा (कुठे किती उंच उडवता येतं ते रंगांनी दाखवणारा) लागू आहे. हिरव्या पट्ट्यात १२० मीटर, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरांत फक्त ६० मीटर, त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. जळगाव शहराचा मोठा भाग विमानतळापासून ८ किलोमीटरांच्या आतच येतो, हे लग्नाचा आगाऊ पैसा घेताना लक्षात ठेवा. भुसावळ-वरणगावला आयुध निर्माणी आणि दीपनगरचं वीज केंद्र आहे, तिथे नकाशा न बघता बॅटरीही लावू नका. यावल अभयारण्य आणि पाटणादेवीचा परिसर वनखात्याच्या अखत्यारीत. बाकी ठिकाणी पोलीस पाटलाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की गावात संशय राहत नाही.

सेवा भाड्याने घेताना ड्रोनवाल्याकडे यूआयएन (ड्रोनचा नोंदणी क्रमांक), रिमोट पायलट सर्टिफिकेट आणि तृतीय पक्ष विमा मागा. नकाशाच्या कामात फक्त जोडलेलं चित्र घेऊ नका, मूळ फोटो आणि खुणांच्या नोंदीही ताब्यात घ्या. बांधावरच लॅपटॉपवर चार-पाच फोटो शंभर टक्के मोठे करून बघा, अस्पष्ट असतील तर दुसरी बॅटरी तेव्हाच लावता येते. विमानात पैसे इंजिनच्या तासांवर लागतात. ज्या धावपट्टीवरून निघतं तिथून कामाच्या जागेपर्यंतचं जाणं-येणंही त्यातच, तेव्हा चोपड्याच्या कामाला नाशिकहून विमान मागवू नका. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, पाऊस उघडल्यावरचे स्वच्छ दिवस धरा. डिसेंबरच्या सकाळी तापीकाठी धुरकं साचतं आणि ते जमिनीवरून दिसतं त्यापेक्षा वरून दाट दिसतं. धुरक्यामुळे उड्डाण रद्द झालं तर पैसे कुणाचे, ही अट आधीच लेखी करून घ्या.